दीपमालाताईंची गादी

साडी विकायला शिकायचं असेल तर आधी समोर एखादं छळवादी गिऱ्हाईक पाहिजे, असं दीपमालाताई तायडे म्हणतात. आणि ते गिऱ्हाईक त्या स्वतःच होतात.

अमरावतीत जवाहर गेटच्या मागच्या बाजूला एका जुन्या गोदामावर त्यांची खोली होती. खोलीत खुर्ची नाही, टेबल नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी आणि तिच्यावर पांढरी चादर, थेट कापडदुकानात असते तशी. बाजार बंद असला की शहरातल्या दुकानांत काम करणाऱ्या पोरी तिथं जमायच्या. एक पोरगी साड्यांचा गठ्ठा घेऊन गादीवर बसायची आणि दीपमालाताई भिंतीला पाठ लावून, नाक मुरडून समोर.

"काय रंग दाखवून राह्यली वो? लग्न हाय का तेरवी?"

"काकू, दुसरा दाखवतो."

"दुसरा कोनता? थो नाई, त्याच्या खालचा. खालचा म्हंजे त्याच्या बाजूचा. अन् केवढ्याची हाय? बाप्पा! अकोल्यात अर्ध्यात भेटते."

बाकीच्या पोरी हसून लोळायच्या, पण बसलेलीला हसायची मुभा नव्हती. तिनं साडी उलगडायची, पदर हातावर टाकायचा, काठ उजेडाकडे धरायचा आणि गिऱ्हाईक कितीही वाकडं बोललं तरी साडीबद्दलच बोलायचं. जमलं नाही तर दीपमालाताई तिथल्या तिथं झापायच्या. त्यांचा राग दुधासारखा, क्षणात वर येणारा. जमलं तर मात्र त्या काहीच बोलत नसत. खाली जाऊन सगळ्यांसाठी दह्यात बुडवलेले गिलावडे घेऊन येत.

या खोलीतल्या साड्या आहेराच्या होत्या. वऱ्हाडात आहेराची साडी ही नेसायची वस्तू नाहीच मुळी. ती फिरायची वस्तू आहे. मावशीनं दिलेली आत्याला जाते, आत्याची विहिणीला, विहिणीची तिच्या जावेला, आणि एखाद्या वर्षी घडीसुद्धा न मोडता ती पुन्हा मावशीच्याच दारात येऊन उभी राहते. लग्नसराई सरली की दीपमालाताई ओळखीच्या घरी जाऊन सरळ म्हणायच्या, "वहिनी, कपाटातल्या फिरत्या साड्या द्या, त्याईले आता कामाले लावू." लोक आनंदानं देत. नको असलेल्या साड्या जातात आणि दान केल्याचं समाधानही मिळतं, अशी संधी कोण सोडतो?

संस्था रीतसर नोंदवलेली होती, पण तिचं नाव इतकं लांबलचक की अध्यक्षांनाही ते एका दमात म्हणता येत नसे. सगळे 'ताईची खोली'च म्हणायचे. शाळामास्तर, बँकेतले बाबू, दवाखान्यातल्या नर्सा महिन्याला थोडंथोडं द्यायचे, त्यावर कारभार चालायचा. खेड्यातून शहरात कामाला आलेल्या पोरीचं पहिल्या महिन्याचं भाडं द्यायचं, तिला काम शिकवायचं, आणि पगाराचं मालकाशी बोलायची वेळ आली तर तिच्यासोबत जायचं. "मालकापुढं एकटं उभं राह्यलं की मानूस आधीच अर्धा होते," हे दीपमालाताईंचं म्हणणं. ते त्यांना कुठल्या शिबिरात समजलेलं नव्हतं.

त्या मूळच्या अकोल्याच्या. वडील देवमन जिनिंगमध्ये कामाला. बारावी झाली आणि दीपमाला तिथल्याच एका कापडदुकानात घडीवर लागली. घडीवर म्हणजे काय, तर पुरुष विक्रेते गादीवर बसून गिऱ्हाइकांपुढं साड्यांचा ढीग करतात, आणि मागं उभ्या असलेल्या पोरींनी तो ढीग उचलून प्रत्येक साडी तिच्या मूळच्या मोडीवर परत घडी घालून ठेवायची. दिवसभर उभ्यानं. ऐकून ऐकून तिला सगळ्या साड्यांचं सूत, वाण, किंमत पाठ झालेली. एकदा एक बाई काहीच पसंत पडेना म्हणून उठायला लागली, तेव्हा दीपमालानं मागून हळूच म्हटलं, "काकू, तुमाले थे मोरपंखी चांगली दिसन." बाईंनी ती घेतली, वर आणखी दोन घेतल्या. शाबासकी गादीवरच्याला मिळाली आणि मधे तोंड घातलं म्हणून दीपमालाला बोलणी. पुढे ललितशी लग्न होऊन ती अमरावतीला आली, दुकान सुटलं, पोटऱ्यांवर फुगलेल्या निळ्या शिरा तेवढ्या सोबत आल्या. ती बोलणी मात्र त्या विसरल्या नाहीत. चांगल्या माणसानं सगळंच विसरावं असं थोडंच आहे?

आता ही गादीची भानगड जरा सांगायला हवी. कापडदुकानातली गादी ही साधी वस्तू नव्हे. दिवाळीला तिची पूजा होते, चपला घालून तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही. गिऱ्हाईक बाई असली तर ती खुशाल तिच्यावर मांडी घालून बसते, चहा पिते, लेकराला पाजते, कारण गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी. पण दुकानात कामाला असलेल्या बाईनं गादीवर बसायचं नाही. का, ते कुणी मोठ्यानं सांगत नाही. बायांचं महिन्याचं असतं, गादी विटाळते, असं खालच्या आवाजात सांगतात. रोज सकाळी हीच बाई गादीवर चढून ती झाडते, चादर बदलते, ते मात्र चालतं. आणि खरा मुद्दा विटाळाचा नाहीच. जो गादीवर बसतो त्याला विक्रेत्याचा पगार, शिवाय विक्रीमागे वरचे पैसे. जी उभी राहते तिला त्याच्या निम्म्याहून जरासा जास्त. विटाळाच्या नावावर मालकांची चांगली बचत होते.

तर करिश्मा. परतवाड्याजवळच्या खेड्यातली पोरगी, सडपातळ, बोलायला कमी आणि डोळ्यांनी सगळं टिपणारी. खुशालरावांच्या दोन मजली दुकानात तीन वर्षं घडीवर होती. दीपमालाताईंच्या खोलीत ती शिकायला बसली तेव्हा ताईंनी आपला सगळा छळवाद वापरून पाहिला, पण ही पोरगी हलली नाही. शेवटी ताईच थकून म्हणाल्या, "दे बाई थे जांभळी. घेऊनच टाकतो." त्या दिवशी गिलावडे आले.

करिश्मानंतर दोन वर्षांनी त्या दुकानात कुलदीप लागला. मनानं चांगला पोरगा, पण त्याला काठ आणि पदर यांतला फरक करिश्मानं शिकवला. त्याला पहिल्या दिवसापासून गादी. आपल्या मिशीखालून साडी गुंडाळून, खांद्यावर पदर टाकून तो गिऱ्हाइकांना दाखवायचा, आणि बायाबापड्या त्याच्यात आपली सून कल्पून पाहायच्या. करिश्मा मागं उभी.

एका बाजारबंदीच्या दिवशी सगळ्या गेल्यावर करिश्मा मागं थांबली. "ताई, मले गादीवर बसाचं हाय. तुमी शेठजीशी बोलान काय?"

दीपमालाताई एरवी असल्या कामाला चप्पल शोधण्याइतकाही वेळ लावत नसत. या वेळी त्या चादरीची सुरकुती सारखी करत बसल्या. कारण ही खोली, जिच्या गादीवर त्या बसल्या होत्या, ती खुशालरावांची होती. फुकट दिलेली.

खुशालराव माणूस वाईट नव्हता. दारी आलेला वर्गणीवाला त्यांनी कधी रिकामा पाठवला नाही. देवळाच्या पायरीवर त्यांचं नाव, स्मशानातल्या शेडवर त्यांचं नाव, पाणपोईवर आईचं नाव. दीपमालाताई जागा शोधत फिरत होत्या तेव्हा त्यांच्या पत्नी साधनावहिनींनी शब्द टाकला आणि त्यांनी गोदामावरच्या खोलीची किल्ली काढून दिली, एका शब्दानंही उपकार बोलून दाखवले नाहीत. देणगीला हात असा सैल. पगाराची गोष्ट निघाली की मात्र मूठ घट्ट. "धर्म येगळा, धंदा येगळा," असं ते म्हणायचे आणि त्यांना त्यात काही खोट दिसत नसे.

दीपमालाताई खुशालरावांच्या घरी गेल्या. चहा झाला, साधनावहिनींची गुडघेदुखी झाली, खोलीचं छत गळतं का तेही झालं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची ही त्यांची आयुष्यातली पहिलीच खेप. उठता उठता शेवटी बोलल्या.

"भाऊ, तुमच्या घडीवर करिश्मा हाय. तिले गादीवर बसवा न."

"ताई, आपल्या दुकानात कामाची बाई गादीवर बसत नाई. आजोबापासून."

"दिवाळीले गादीवर पूजा कोनाची करता?"

"कोनाची म्हंजे? लक्ष्मीची."

"थे बाई हाय का बाप्या?"

खुशालरावांनी भिंतीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीकडं वळून पाहिलं.

"थे बारा महिने बसून राह्यते तुमच्या गादीवर. तिचा नाई होत इटाळ?"

दीपमालाताई स्वतः विहारात जाणाऱ्या. लक्ष्मीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण ज्याच्या दारी जावं त्याला त्याच्याच देवाचा दाखला द्यावा, हे त्या पक्कं जाणून होत्या. खुशालराव आधी दचकले आणि मग पोट धरून हसले. हसता हसताच म्हणाले, "बसवतो, बाप्पा, बसवतो. तुमच्यासंगं कोन बोलावं!"

इथं एक चूक झाली, आणि ती दीपमालाताईंचीच. गादी मिळाली या आनंदात पगार विचारायचा राहिला.

खुशालरावांनी मग हा सोहळाच करून टाकला. दुकानात फुलांची माळ, गादीवर नवी चादर, करिश्माला शाल आणि नारळ, दीपमालाताईंना शाल आणि नारळ, वर्तमानपत्रवाला, फोटो. दुसऱ्या दिवशी शहराच्या पानावर छापून आलं. परतवाड्याकडच्या तिच्या गावात तो फोटो मोबाइलवर घरोघरी फिरला, आणि करिश्माच्या आईनं त्याची झेरॉक्स काढून भिंतीला लावली. आमच्याकडे एकदा सत्कार झाला की प्रश्न सुटला असं सगळ्यांनाच वाटतं. सत्कार करणाऱ्याला वाटतं, आणि कोल्हा काकडीला राजी तसं, सत्कार होणाऱ्यालाही वाटतं.

महिना भरला. करिश्माच्या हाती पगार पडला तो घडीचाच, जुना. तिनं मुनीमजीला विचारलं, त्यांनी वर बोट दाखवलं. मालक म्हणाले, "बसाले भेटलं न आता? अजून काय?" आणि घडीचं काम काही सुटलं नव्हतं. दिवसभर ती गादीवर बसून विकायची आणि संध्याकाळी सगळे पुरुष हात झटकून उठले की आपला आणि कुलदीपचा असे दोन्ही ढीग उभ्यानं आवरायची. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

ती खोलीवर आली आणि सगळं सांगितलं. ऐकताना दीपमालाताईंच्या कपाळावरची शीर उडायला लागली. आणि तरी तोंडातून जे निघालं ते असं निघालं, "थांब थोडी. दिवाळी होऊ दे. मंग बोलू."

करिश्मानं खोलीभर एक नजर फिरवली. चादर, साड्यांचे गठ्ठे, खिडकी. "ताई, हे खोली शेठजीची हाय न?" तिनं विचारलं. आवाजात काही टोमणा नव्हता. पायऱ्या उतरून ती निघून गेली.

दीपमालाताईंना इतकं कधी कुणाचं बोलणं लागलं नव्हतं.

घरी, फ्रेजरपुऱ्यात, ललितराव ओसरीवर बाजेवर पडून रेडिओ ऐकत होते. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला माणूस, बिघाड कुठं आहे ते आवाजावरून ओळखायची सवय. बायको चूल असल्यासारखी गॅसवर फुंकर घालते आहे, हे पाहून त्यांनी रेडिओ बंद केला. "काय झालं?"

सांगितलं. ललितराव बाजेवर उठून बसले.

"पाह्य दीपमाला, राग नको येऊ देऊ. थो एका हातानं पोट्टीच्या पगारातलं काढून घेते, दुसऱ्या हातानं तुले खोली देते. अन् तू त्या खोलीत बसून पोट्टीले म्हन्ते, थांब."

राग न येऊ द्यायचं त्यांनी सांगितलं होतं, पण आला. ताईंनी भाकरी अशी थापली की परात वाजली. मात्र अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. दगडाखाली हात सापडला आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण तो दगड आपणच मोठ्या कौतुकानं हातावर ठेवून घेतला आणि वर शालही पांघरली, हे आज पहिल्यांदा कळलं. धरावं तर चावतं, सोडावं तर पळतं. खोली गेली तर पंचवीस-तीस पोरींनी जायचं कुठं? आणि खोली राखायची असेल तर त्या खोलीत शिकवायचं तरी काय? मालकाला सांभाळून घ्यायला?

इकडे करिश्मानं दिवाळीची वाट पाहिली नाही.

दोन दिवसांनी वरूडकडचा एक मोठा बस्ता दुकानात आला. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एकाच बैठकीत. नवरी, नवरीची आई, माम्या, काक्या, गाडीभर नातेवाईक येतात, गादीवर ठाण मांडतात, दुकानदार चहा-नाश्ता पुरवतो, आणि संध्याकाळी दोन दुकानांचा धंदा एका दुकानात करून जातात. या बस्त्याची कर्ती होती नवरीची आजी, दुर्गाबाई. संत्र्याच्या बागा असलेलं घर, कपाळावर आडवं कुंकू आणि आवाज शेतातून घरापर्यंत पोचेल असा. तिनं वर्तमानपत्रातला फोटो पाहिलेला होता.

"थे पोट्टी कुठी हाय? तिच्याच हातून पाहाची मले साडी. मिशीवाल्या सुना पाहून कटाळा आला, बाप्पा."

करिश्मा गादीवर नव्हती. ती मागं, भिंतीपाशी, आपल्या जुन्या जागी उभी होती, आणि साडीची घडी घालत होती.

"करिश्मा, ये वर," खुशालराव म्हणाले.

"शेठजी, पगार घडीचा हाय, म्हून घडीवर उभी हाय."

इतकंच बोलली. मोठ्यानं नाही, उद्धटपणे नाही. पण बस्त्याच्या बायांच्या हातातले चहाचे कप जागच्या जागी थांबले. कुलदीपनं गळ्यातली साडी हळूच खाली घेतली. खुशालरावांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यांना एकदम हक्काचा उपाय सुचला. त्यांनी दीपमालाताईंना फोन लावला. "ताई, लवकर या. तुमची पोट्टी गिऱ्हाइकासमोर तमाशा करून राह्यली. तिले समजवा."

दीपमालाताई आल्या त्या रिक्षातून उतरून, श्वास लागलेल्या. दुकानात पाऊल टाकलं तर सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. खुशालरावांची नजर म्हणत होती, आता सांगा हिला. मागं उभ्या असलेल्या घडीवरच्या पोरींची नजर काहीच म्हणत नव्हती, नुसती पाहत होती. करिश्मानं तर मान वर केली नाही. हातातली साडी ती मोडीवर मोड जुळवून घालत राहिली. आज ताई 'थांब' म्हणाल्या तर ती थांबेल, गादीवर चढेल, आणि पुन्हा कधी कुणाला काही मागणार नाही. तीही नाही आणि तिच्या मागं उभ्या असलेल्याही नाहीत.

ताईंनी पर्समध्ये हात घातला. लाल दोरा बांधलेली किल्ली बाहेर काढली आणि गादीच्या कडेला, खुशालरावांच्या गुडघ्याजवळ ठेवली.

"हे काय ताई?"

"खोलीची किल्ली. थे तुमच्याजवळ असू द्या. मंगच मले बोलता येते."

"मी कदी काई म्हनलं काय खोलीचं?"

"नाई म्हनलं. तुमी चांगले मानसं आहा भाऊ, म्हूनच मले इतके दिवस तोंड उघडता नाई आलं. माह्यं चुकलं. तुमी आमाले खोली देता, शाल देता, नारळ देता. पोट्ट्याईच्या पगारातून जे वाचते, थेच आमाले दान म्हून भेटते, अन् मी थे परत पोट्ट्याईवरच खर्च करतो. हे सप्पा फिरवाफिरव कायले? आमाले दान नका देऊ. तिले पगार द्या. कुलदीपएवढा."

खुशालरावांनी किल्लीला हात लावला नाही. "बरोबरीचा पगार पाह्यजे तर बरोबरीचं काम पाह्यजे, ताई. कुलदीप गठ्ठे उचलते."

"मीबी उचलतो," मागून करिश्मा म्हणाली. "अन् घडीबी घालतो. त्याची अन् माही."

सगळ्यांनी कुलदीपकडं पाहिलं. बिचारा दोन्हीकडून अडकला. खोटं बोलावं तर करिश्मानंच त्याला पदर शिकवलेला, आणि खरं बोलावं तर समोर मालक. त्यानं खाली पाहून खरं बोलून टाकलं. "शेठजी, मले घडी येतच नाई. माह्यावाल्या तीच घालते."

वरूडच्या बाया फसकन हसल्या. दुर्गाबाई हसली नाही. तिनं कप बशीत ठेवला. "भाऊ, तुमचा इचार होईस्तोवर आमी काय भिंती पाहात बसाव्या? बाजूलेबी दुकान हाय."

खुशालराव व्यापारी होते. क्षणभर त्यांनी गादीवरच्या ढिगाकडं पाहिलं, दारात उभ्या गाड्यांकडं पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "कुलदीपएवढा. या महिन्यापासून. पन मंग घडीचंबी बरोबरीचं. ज्यानं उलगडली त्यानं घातली पाह्यजे. माह्यावाल्या गड्याईले थे जमत नाई, तुमीच शिकवा."

"मी आयकलं हो," दुर्गाबाई म्हणाली. "मंग बदलसान नोको."

करिश्मा पुढं आली. पायातल्या चपला काढून गादीवर चढली, मांडी घातली आणि पहिली साडी उलगडली. तोंडानं ती फक्त साडीबद्दलच बोलत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला मात्र तिनं हात थांबवला नाही. दीपमालाताईंनाही ते बघवेना, पण त्यांनी पाहिलं, डोळे भरून पाहिलं. अकोल्यातल्या त्या दुकानापासून इथवर यायला त्यांना फार वेळ लागला होता.

किल्ली खुशालरावांनी परत दिली नाही. पगार त्यांनी दिला, शब्द पाळला, पण सगळ्यांदेखत गादीवर ठेवलेली किल्ली उचलून पुन्हा ताईंच्या हातात ठेवण्याइतकं मन काही त्यांचं झालं नाही. साधनावहिनींनी दोनदा निरोप पाठवला, ताईंनीच नाही म्हटलं. पोरींनी आहेराच्या साड्यांची गाठोडी बांधली, गादीची वळकटी केली आणि ऑटोत घालून सगळं फ्रेजरपुऱ्याला आणलं. समोरची खोली तेवढी मोकळी होती. ललितरावांची तिथली खाट आणि रेडिओ अंगणातल्या निंबाखाली गेले. "सरकारी नोकरीत एवढी बदली नाई झाली माही," ते म्हणाले, आणि गादी अंथरायला चादरीचं एक टोक त्यांनीच धरलं.

पुढच्या बाजारबंदीला खोलीत दाटीवाटीनं पोरी बसलेल्या. दुसऱ्या दोन दुकानांतल्या घडीवाल्याही आल्या होत्या, करिश्माचं झालं तसं आपलं कसं करायचं ते विचारायला. तेवढ्यात दारात कुलदीप आणि त्याच्या दुकानातले आणखी दोघे विक्रेते येऊन उभे राहिले, चपला हातात घेऊन. शेठजींनी घडी शिकायला पाठवलं होतं.

दीपमालाताईंनी त्यांना आत घेतलं आणि करिश्माच्या हवाली केलं. तिनं तिघांना भिंतीपाशी उभं केलं, प्रत्येकाच्या पुढ्यात साड्यांचा ढीग टाकला. मोड कुठली, काठावर काठ कसा, पदर आत का. तिघेही घामाघूम. एकाची घडी उशीसारखी फुगली. पोरी आधी खूप हसल्या, मग उठून त्यांचे हात धरून दाखवायला लागल्या. दुपार कलली तरी ढीग संपेना.

कुलदीप या पायावरून त्या पायावर व्हायला लागला. मग त्यानं करिश्माकडं पाहिलं.

"करिश्मा, तुमी सप्पा दिवस असंच उभं राह्यता?"

"हो न."

त्यानं हातातली साडी ढिगावर ठेवली.

"मंग दुकानात स्टूल पाह्यजे," तो म्हणाला. "घडी बसूनबी होते. मागू शेठजीले."

"कोन मागन?" करिश्मानं विचारलं.

कुलदीपनं बाकीच्या दोघांकडं पाहिलं, मग भिंतीपाशी बसलेल्या पोरींकडं.

"आपन सगळे जाऊ."

दीपमालाताई दारातून हे ऐकत होत्या. या वेळी त्यांना सोबत कुणी बोलावलं नव्हतं. त्या उठल्या, चप्पल पायात सरकवली आणि गिलावडे आणायला निघाल्या.